यंत्र वैद्याच्या हाती की वैद्याच्या जागी?

नाशिक शहर मागे टाकून पेठच्या रस्त्याला लागले की, थोड्याच वेळात द्राक्षबागा विरळ होतात आणि सावळघाटाची वळणे सुरू होतात. सुमारे पन्नास किलोमीटर अंतर कापल्यावर पेठ गाव लागते. तेथून गुजरातची हद्द फारशी दूर नाही. जिल्हा नाशिकच, पण जगण्याची तऱ्हा वेगळी. भात, नागली आणि वरईवर गुजराण करणाऱ्या कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाचा हा तालुका. येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. भाताची कापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे मजुरीस जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. अशा कुटुंबातील कर्ता पुरुष तीन आठवडे न हटणारा खोकला घेऊन ग्रामीण रुग्णालयाची पायरी चढतो, तेव्हा त्याने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते. त्याच्या छातीचे क्ष-किरण चित्र कोण वाचणार, हा त्याच्या दृष्टीने तंत्रज्ञानाचा प्रश्न नसतो. तो त्याच्या घराच्या चुलीचा प्रश्न असतो.

आजवर या प्रश्नाचे उत्तर एकच होते: डॉक्टर वाचतील, आणि ते नसतील तर नाशिकला जावे लागेल. आता दुसरे उत्तर पुढे आले आहे. संगणक वाचेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा सध्या सर्वत्र सुरू आहे आणि त्यात भाबडे कौतुक जितके आहे, तितकीच अनाठायी भीतीही आहे. परंतु रुग्णालयांतील वैद्यकीय निर्णयांत ही प्रणाली शिरू लागली आहे, ही वस्तुस्थिती आहे. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या चाळणीसाठी पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींची छातीची चित्रे वाचण्यास अशा संगणक-प्रणालीला मान्यता दिली. या क्षेत्रात जगभर नाव मिळवणारी एक कंपनी, क्यूअर डॉट एआय, २०१६ साली आपल्या मुंबईतच उभी राहिली. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग निर्मूलन अभियानात हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि त्यांच्या जोडीला चित्र वाचणारी प्रणाली गावोगाव नेण्यात आली. परदेशात घडणारी ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. म्हणूनच तिचा साकल्याने विचार करण्याची वेळ आली आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, यात स्वागत करण्याजोगे पुष्कळ आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१५ साली दर लाख लोकसंख्येमागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे प्रमाण २०२४ मध्ये १८७ पर्यंत खाली आले. ही घट लक्षणीय आहे; पण २०२५ अखेर क्षयरोग संपवण्याचे उद्दिष्ट गाठण्यास ती पुरेशी नव्हती. निदानाविना हिंडणारा रुग्ण स्वतः झिजतो आणि घरातील लेकराबाळांनाही रोग देतो. तो लवकर सापडावा, यासाठी यंत्राची मदत होत असेल, तर ती नाकारणे हा करंटेपणा ठरेल. स्वीडनमध्ये ऐंशी हजारांहून अधिक महिलांच्या स्तनकर्क तपासणीत या प्रणालीची चाचणी घेण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कर्करोग ओळखण्यात कोठेही उणेपणा न येता तज्ज्ञांचे चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी हलके झाले. मात्र तेथे तज्ज्ञ होते, त्यांच्या हाताशी यंत्र होते आणि अंतिम निर्णय तज्ज्ञांचा होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

हे यंत्र नेमके काय करते, हेही समजून घेतले पाहिजे. ज्यांचे निदान आधीच झालेले आहे, अशी लक्षावधी चित्रे त्याला दाखवली जातात. त्यांतील साम्यभेद ते गणिताने टिपते आणि नवे चित्र समोर आले की, रोगाची शक्यता सांगणारा एक अंक देते. ‘क्षय आहे’ असे ते म्हणत नाही. कोणत्या अंकापुढे रुग्णाला पुढील तपासणीस पाठवावयाचे, ती रेषा माणसांनी आखलेली असते. रेषा खाली ओढली, तर रुग्ण कमी निसटतात. पण निरोगी माणसांना विनाकारण खेपा पडतात आणि थुंकीच्या तपासणीचा खर्च वाढतो. रेषा वर नेली, तर खर्च वाचतो. पण काही रुग्ण निसटतात. म्हणजे ज्याला यंत्राचा निर्णय म्हटले जाते, त्याच्या पोटात कोणा माणसाने केलेला हिशेब दडलेला असतो. पेठच्या मजुराची रेषा कोणी आखली आणि ती आखताना त्याची बुडणारी मजुरी कोणी हिशेबात धरली, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे.

जगातील अनुभव याबाबत बोलका आहे. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाने होणारा परिणाम ओळखणारी गुगलची प्रणाली प्रयोगशाळेत अत्यंत अचूक ठरली होती. ती थायलंडमधील दवाखान्यांत नेली, तेव्हा तेथील परिचारिकांनी काढलेल्या १,८३८ प्रतिमांपैकी सुमारे २१ टक्के प्रतिमा यंत्राने वाचण्यासच नकार दिला. कारणे साधी होती. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, प्रकाशयोजना वेगळी होती आणि इंटरनेट मंद होते. परिणामी अनेकांना दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागले. २०२० साली प्रसिद्ध झालेला हा अनुभव पेठला तंतोतंत लागू पडतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर वीज आणि संपर्कयंत्रणा यांचा भरवसा किती, हे तेथे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

अमेरिकेचे उदाहरण याहून गंभीर आहे. रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा इशारा देणारी एक प्रणाली तेथील शेकडो रुग्णालयांत वापरात होती. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तिची स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा असा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी ६७ टक्के तिच्या नजरेतून सुटले होते, असे २०२१ साली उघड झाले. दुसऱ्या एका प्रणालीने कोणाला अधिक उपचारांची गरज आहे हे ठरवताना पूर्वी त्याच्यावर किती खर्च झाला, हाच निकष धरला होता. गरिबांवर मुळात खर्चच कमी झालेला असतो. त्यामुळे कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी असूनही यंत्राच्या लेखी कमी गरजू ठरले. २०१९ साली हे निदर्शनास आले. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. यंत्राला मनच नसते. परंतु समाजाने ज्यांची उपेक्षा केली, त्यांची उपेक्षा ते निमूटपणे पुढे चालवते. ज्या तालुक्यातील रुग्णांच्या नोंदीच आजवर नीट ठेवल्या गेल्या नाहीत, तेथील माणूस अशा यंत्राला कसा दिसणार?

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही, शरीराचाही आहे. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या वनवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी २०४७ चे लक्ष्य ठेवून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत अचानक उद्भवणारी विकृती क्ष-किरण चित्रात सावलीसारखी दिसते. दगडखाणीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसात साठलेली धूळही क्षयासारखी दिसू शकते. मधुमेहासाठी तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी जी रक्ततपासणी केली जाते, तिचा आकडा सिकलसेलचा वाहक असलेल्या माणसात दिशाभूल करू शकतो. चित्र तेच, आकडा तोच. परंतु अर्थ वेगळा. तो अर्थ लावण्यासाठी रुग्णाला विचारावे लागते की, बाळा, सांधे दुखतात का? भावंडांपैकी कोणी लहानपणी गेले का? मागील वर्षी कोठे कामाला होतास? हे प्रश्न त्याच्या बोलीत, त्याच्या शेजारी बसून विचारावे लागतात.

आपल्या वैद्यकपरंपरेला ही जाण फार पूर्वीपासून आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. यांत वैद्याला प्रमुख मानले आहे. विमानस्थानात रोग जाणण्याचे तीन मार्ग दिले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. म्हणजे जाणत्यांनी सांगून ठेवलेले ज्ञान, स्वतःच्या इंद्रियांनी रुग्णाचे केलेले परीक्षण आणि त्यावरून बांधलेला तर्क. संगणक-प्रणालीला या चौकटीत ठेवून पाहिले, तर तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. पूर्वीच्या नोंदींचा साठा तिच्याकडे अफाट आहे आणि गणिती अनुमानातही ती वेगवान आहे. उणीव आहे ती प्रत्यक्षाची. नाडीवरचा हात, डोळ्यांतली भीती, बायकोने दाराआडून हळूच सांगितलेली गोष्ट यांतले काहीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. चार पादांत तिची जागा साधनांच्या बाजूची आहे, वैद्याची नव्हे.

प्रत्यक्षाचे सामर्थ्य काय असते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. पाठ्यपुस्तकांत त्यावर नेमका उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागून लक्षणे टिपली, मृत्यू हृदय आणि फुप्फुसावरील परिणामामुळे होतो हे ओळखले आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा त्यांनी उपयोग केला आणि सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण अगदी नगण्य झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्या काळी एखादे निर्णय सुचवणारे यंत्र बिरवाडीत असते, तर त्याने काय सांगितले असते? जे पुस्तकात होते, तेच. आणि पुस्तकात उत्तर नव्हते. आज बावस्करांनी शोधलेले ज्ञान यंत्राला शिकवता येते. पण उद्याचे नवे ज्ञान शोधण्यासाठी उद्याचा बावस्कर रुग्णाच्या उशाशीच असावा लागेल.

तो तेथे असेल का, हीच खरी चिंता आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ८० टक्के होती. अशा स्थितीत यंत्र आले की, पद भरण्याची निकड आपोआप कमी वाटू लागते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात यंत्र डॉक्टरच्या हाती असेल आणि पेठसारख्या ठिकाणी ते डॉक्टरच्या जागी असेल. श्रीमंताला वैद्य आणि यंत्र दोन्ही मिळतील, गरिबाला केवळ यंत्र. याहून मोठी विषमता कोणती? त्यातही धोका असा की, डॉक्टर असला तरी तो यंत्रावर विसंबू लागतो. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना यंत्राची सवय लागल्यानंतर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरल्याचे २०२५ च्या एका अभ्यासात आढळले. न वापरलेली कुऱ्हाड गंजते, तशी न वापरलेली नजरही मंदावते. ग्रामीण सेवेसाठी नव्याने आलेला तरुण डॉक्टर पहिल्या दिवसापासून यंत्राचेच ऐकू लागला, तर त्याची नजर घडणार केव्हा?

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जेथे आज डॉक्टरच नाही, तेथे काहीच नसण्यापेक्षा यंत्र असणे चांगले नव्हे काय? चाळणीपुरते हे खरे आहे. खोकणाऱ्या शंभर माणसांतून कोणाची थुंकी आधी तपासावी, हे यंत्राने सुचवावे. परंतु चाळणी म्हणजे निदान नव्हे आणि निदान म्हणजे उपचार नव्हे. यंत्राने धोक्याचा इशारा दिला. पण थुंकी तपासणारे केंद्र दूर, रुग्णवाहिका वेळेवर नाही, औषधांचा साठा अपुरा, आणि सहा महिने गोळ्या घेताना ‘आज घेतली का?’ असे विचारणारे कोणी नाही, तर त्या इशाऱ्याचा उपयोग काय? साखळीची एक कडी सोन्याची करून साखळी बळकट होत नाही.

समाधानाची बाब अशी की, या बाबतीत देशातील नियम योग्य दिशेचे आहेत. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट केले आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मंचाला रुग्णास परस्पर सल्ला देता येणार नाही किंवा औषध लिहून देता येणार नाही. ते काम नोंदणीकृत डॉक्टरचे. यंत्राने त्याला साहाय्य करावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये या विषयावर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णाची स्वायत्तता, सुरक्षितता, उत्तरदायित्व, समन्याय या गोष्टी त्यांत आहेत. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. तथापि तत्त्व कागदावर असणे आणि ते ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उतरणे, यांत सावळघाटाएवढे अंतर आहे. जेथे गर्दी असते, वेळ नसतो आणि यंत्राचा अंक लाल अक्षरांत समोर येतो, तेथे स्वाक्षरी डॉक्टरची आणि निर्णय यंत्राचा, असे सहज घडू शकते.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरावा लागेल. प्रत्येक निर्णयाखाली एका जबाबदार डॉक्टरचे नाव असावे आणि यंत्राचा सल्ला स्वीकारला की नाकारला, व का, याची एक ओळ नोंदवली जावी. यंत्र खरेदी करण्यापूर्वी ते येथील माणसांवर, येथील उजेडात आणि येथील विजेवर तपासले जावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे वनवासीबहुल तालुके त्याच्या अंगणात आहेत. परदेशी नोंदींवर घडलेल्या प्रणालींची येथील मातीत परीक्षा घेण्यास याहून योग्य संस्था कोणती? रुग्णाची संमती त्याला कळेल अशा बोलीत घेतली जावी. न वाचता येणाऱ्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. आणि ज्यांच्या शरीराच्या नोंदींवर उद्याचे यंत्र शिकणार आहे, त्यांना त्या ज्ञानाचा लाभ सर्वप्रथम आणि विनामूल्य मिळावा. वनवासी माणूस हा कोणाच्या प्रयोगाचा कच्चा माल नव्हे.

हे सारे शासनावर सोडून समाजाला मोकळे होता येणार नाही. वाड्यापाड्यांवर जाणारा कार्यकर्ता, आरोग्यरक्षक, आशाताई, शाळेतील गुरुजी हे चरकाने सांगितलेल्या परिचारकाच्या पादाचे आजचे रूप आहे. रुग्णासोबत रुग्णालयात बसणे, डॉक्टरांना त्याची पूर्वकथा सांगणे, यंत्राने काय सुचवले आणि डॉक्टरांनी काय ठरवले हे त्याला समजावणे, घरी परतल्यावर गोळ्यांची आठवण देणे, ही कामे कोणतेही यंत्र करणार नाही. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांनीही एक विचार करावा. आपल्या घरातील आजारी वडिलांसाठी केवळ पडद्यावरचे उत्तर पुरेसे वाटत नसेल, डॉक्टरांनी दोन मिनिटे हात हातात घेऊन बोलावे असे वाटत असेल, तर पेठच्या बापासाठी त्याहून कमी का मागावे? अंत्योदयाचा अर्थ हाच की, पंक्तीच्या शेवटच्या माणसाला उरलेसुरले नव्हे, तर पहिल्याला मिळते तेच मिळावे.

कृत्रिम बुद्धिमत्ता येणार आहे, आणि ती यावी. ती पेठपर्यंत पोहोचावी, उशिरा नव्हे तर लवकर पोहोचावी. परंतु ज्या दिवशी ते यंत्र ग्रामीण रुग्णालयात बसवले जाईल आणि फीत कापली जाईल, त्या दिवशी उपस्थितांपैकी कोणीतरी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे: हे यंत्र ज्यांच्या हाती द्यावयाचे, ते डॉक्टर कोठे आहेत? त्या प्रश्नाला खुर्चीवरून उठून ‘मी येथे आहे’ असे म्हणणारा कोणी असेल, तर यंत्र वरदान ठरेल. खुर्ची रिकामी असेल, तर आधी ती भरावी, फीत मग कापावी.